बाहेर बघायची जागा

गोपाळकृष्णपंतांना इंग्रजी येत होतं, आणि त्या काळच्या पुण्यात ही काही चारचौघांत मिरवायची गोष्ट नव्हती. लोक त्यांच्याकडे कौतुकानं कमी आणि संशयानं जास्त बघत. संगमावर फिरंगी वकिलाचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, बंगला उभा राहिला, बंगल्यातून सरकारी दप्तरात कागद यायला लागले, ते वाचायला कुणी तरी हवं म्हणून हा बिचारा ती भाषा शिकला. शिकला म्हणजे कसा, तर बंगल्यातल्या एका तरुण गोऱ्या कारकुनाला हा मराठी शिकवी आणि तो ह्याला इंग्रजी. दोघंही अर्धवट, पण जीव लावून अर्धवट.

आता भाषा शिकावी तर कामापुरती शिकावी की नाही? पंतांचं तसं नव्हतं. एखादा नवा शब्द हाती लागला की जेवणानंतर लवंग ठेवावी तसा तो गालात धरून ते हिंडत. समोरून गाय येतेय की पालखी, याची शुद्ध नाही. ‘रिव्हर’ हा शब्द मिळाला त्या दिवशी ते ओंकारेश्वराच्या घाटाच्या पायऱ्या उतरत उतरत थेट नदीतच गेले आणि धोतर गुडघ्यापर्यंत भिजल्यावर जागे झाले. घरी आल्यावर आनंदीबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबानं, ओल्या धोतराकडे बघून एवढंच विचारलं, "आज कुठला शब्द?"

तर अशा ह्या माणसाकडे पौषातल्या एका दिवशी संगमावरून एक कागद आला. बंगल्याच्या पहाऱ्याचा बंदोबस्त बघणारा एक छोटा साहेब होता, त्याचा. त्यानं लिहिलं होतं, की भांबुर्ड्याच्या शिवारात, आमच्या कुंपणापलीकडच्या उंचवट्यावर, लाकडाच्या खांबांवर एक जागा बांधलेली आहे. तिथं रोज कुणी तरी बसतं आणि आमच्या आवारात बघतं. ही जागा कसली आहे ते कळवावं. आमच्यावर नजर ठेवण्याची असेल, तर ती उतरवावी.

दप्तराचे मुख्य होते श्रीनिवासराव. त्यांनी कागदाचा मतलब ऐकला आणि नाकातली तपकीर झटकली.

"पाडा म्हणावं. चार मेढी आणि दोन पेंढ्या. तेवढ्यासाठी त्या लोकांशी वाकडं कोण घेतो?"

"पण ती जागा कसली आहे, ते त्यांनी विचारलंय," पंत म्हणाले. "आधी बघायला हवं."

"बघा की. आपल्याला बघायला कोण नको म्हणतंय? फक्त बघून झाल्यावर परत या. आणि उत्तर जरा जागेपणी लिहा."

पंत निघाले. लकडी पूल ओलांडला आणि नदीच्या पलीकडच्या अंगानं भांबुर्ड्याची वाट धरली. दुपार कलत आली होती. दोन्ही बाजूंना शाळू डोक्याच्या वर गेलेला, कणसं भरलेली, मधून पायवाट. आत शिरलं की पुणं नाही, नदी नाही, नुसती पानांची सळसळ. पंतांना अशा जागी झोप नाही तर स्वप्न, दोन्हीपैकी एक हमखास यायचं. पण ते त्यात बुडायच्या आत वाट वर चढली आणि उंचवट्यावरचा माळा समोर आला.

माळा कुणी बघितला नाही? उभ्या पिकात चार मेढी रोवतात, वर फळ्या नाही तर बांबू टाकतात, डोक्यावर सावलीला थोडा कडबा. राखणदार वर बसतो आणि ओरडून ओरडून पाखरं हाकलतो. पण ह्या माळ्यावर कुणी ओरडत नव्हतं. भोरड्यांचा थवाच्या थवा कणसांवर उतरला होता आणि पंगतीला बसल्यासारखा निवांत खात होता. वर एक म्हातारी बसली होती, गुडघ्यांना हातांची मिठी घालून.

"कोन हाय?" तिनं वरूनच विचारलं.

"सरकारी दप्तरातून आलोय. ही जागा कसली आहे?"

"माळा हाय. दिसत न्हाय व्हय?"

"राखणीचा?"

"हुता. मालक हुते तवर."

"पण पाखरं पीक खातायत, बाई."

"खाऊ द्यात," म्हातारी म्हणाली. "पोरगा हाय की बोंबलायला. हिंदुराव त्याचं नाव. त्यो सकाळच्याला येतो आन् हाकलतो. मी हाकलत न्हाय."

पंत चक्रावले. राखण करत नाही, मग वर बसते कशाला? हे त्यांनी विचारलं, तर म्हातारीनं त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "वर या. खालनं काय दिसनार?"

ते शिडीवरून चढले. शिडी करकरली, माळा हलला, पंतांनी रामाचं नाव घेतलं आणि वर पोचले. म्हातारीचं नाव मैनाबाई. तिनं सरकून जागा दिली.

पायांखाली कणसं होती, थेट पायांच्या पातळीला, आणि वारा आला की ती एका अंगावर कलत. असं वाटत होतं की आता पाय खाली सोडावा आणि कणसांवरून चालत चालत पर्वतीपर्यंत जावं. पलीकडे पुण्यातल्या चुलींचा धूर वर न जाता आडवाच तरंगत होता. दक्षिणेकडून मुठा येत होती, शहराच्या घाटांना लागून, वळणं घेत, अजिबात घाई नसलेली. उत्तरेला मुळा. आणि दोघी भेटत होत्या तिथं, झाडांमध्ये, साहेबांचा बंगला, त्याचे तबेले, वाळत घातलेले पांढरे कपडे. सगळं पिवळ्या उन्हात बुडालेलं.

"काय बघता हो तुम्ही इथं बसून?" पंतांनी हळूच विचारलं.

"पानी."

"कुठलं?"

"म्हायेरचं."

मग ती सांगत गेली. सांगताना पंतांकडे बघत नव्हती, नदीकडेच बघत होती. तिचं माहेर मुठेच्या काठचं, पार खडकवासल्याच्या वर, डोंगराच्या पोटात. तिथं नदी एवढी लहान, की पोरी इकडून तिकडं उड्या मारत. लग्न होऊन ती खाली भांबुर्ड्याला आली. वर्षातून एकदा भाऊ मुराळी म्हणून यायचा आणि तिला चार दिवस घेऊन जायचा. पुढं फौजांची लुटालूट झाली, त्यावर दुष्काळ आला, आणि गाव उठलं. कोण मेलं, कोण कुठं देशोधडीला लागलं, काही कळलं नाही. घरं पडली. आता तिथं कुणी राहत नाही.

"मुराळी कोन येनार आता?" ती म्हणाली. "पानी येतं. आमच्या वाड्याच्या खालनं निगतं, आन् हितं येतं. रोज येतं. येखांदं फूल येतं, येखांदी फांदी येती. दिसली की तिला नजरंनं धरायची आन् संगमापतुर पोचवायची. तिथं मुळेला मिळाली की मंग सोडायची."

संगमापर्यंत म्हणजे बंगल्याच्या कुंपणाला लागून. पंतांच्या डोक्यात उजेड पडला. म्हातारीची नजर माहेरच्या फांदीबरोबर वाहत वाहत रोज साहेबांच्या अंगणाशी जात होती, आणि साहेबांना वाटत होतं, आपल्यावरच डोळा आहे.

पंतांचे डोळे भरून आले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? त्यांच्या घरात आनंदीबाई होत्या, त्यांची आई होती, सुना होत्या, सगळ्यांना माहेर होतं आणि सगळ्या सणासुदीला त्या आठवणीनं हळव्या व्हायच्या. पंत तेव्हा कागद चाळत बसायचे. पुरुषाला माहेर नसतं. पंतांना त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.

"मैनाबाई, हा माळा पाडा म्हणतायत बंगल्यातले," ते म्हणाले.

म्हातारीनं वाकून खाली पिकात बघितलं. मग तिनं विचारलं, "खालनं नदी दिसत न्हाय. पिकात बसलं तर कनसंच दिसत्यात. मंग मी कुटनं बघू?"

"मी पाडू देणार नाही," पंत म्हणाले. बोलून गेले, आणि मग शिडी उतरता उतरता त्यांना घाम फुटला. शब्द देणारा माणूस आणि शब्द शोधणारा माणूस, ह्यांच्यात फरक असतो. पंत आजवर दुसऱ्यांतले होते.

परत येताना अंधार पडायच्या आतलं ते मावळतीचं ऊन होतं आणि पंत त्यातून पोहत होते. काय लिहायचं? राखणीचा माळा म्हणावा, तर ती राखण करत नाही, आणि खोटं लिहिणं पंतांना जमत नसे. खोटं त्यांना पापाइतकंच गचाळही वाटे. मग काय म्हणायचं? पुलावरून त्यांना सगळं शहर दिसत होतं आणि जिथं तिथं माणसं उंचावर बसून काही ना काही बघत होती. सज्ज्यात बायका मिरवणूक गेली का बघत होत्या. गच्चीवर एक म्हातारा पापड राखत होता. वाड्याच्या बुरुजावर शिपाई जांभया देत होता. आपल्याकडे प्रत्येक बघण्याला वेगळी जागा आणि प्रत्येक जागेला वेगळं नाव. इंग्रजांकडे तसं असेलच की. ते लोक तर आयुष्यभर कशाकडे तरी बघतच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंगल्यावर आपल्या तरुण कारकुनाकडे गेले. कशासाठी हवंय ते त्यांनी सांगितलं नाही. हाच मोठा गाढवपणा. पण मास्तरानं शिष्यापुढं आपलं अडलंय हे कबूल कसं करायचं? त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की उंचावरून बघायच्या जागेला तुमच्यात काय काय म्हणतात.

"बाल्कनी," तो म्हणाला. पण ती घराला लागून हवी. माळ्याला घर कुठलं? "गॅलरी." ती लांब हवी, आणि बहुतेक दरबारातल्या बायकांसाठी. मैनाबाईंचा दरबार कसला, कडब्याचा? "टेरेस." म्हणजे गच्ची, नको. "वाच-टावर." हा शब्द ऐकून पंत थबकले. त्यांना त्यात मराठीच ऐकू आलं. वाच, म्हणजे जगून राहा. नावातच अभय. पण कारकुनानं पुढं सांगितलं, की तिथं बंदूकवाला पहारेकरी बसतो. पंतांनी तो शब्द विंचू झटकावा तसा झटकला.

"आणि लुक-आऊट," कारकून म्हणाला. तेवढ्यात आतून घंटा वाजली, त्याला बोलावणं आलं आणि तो अर्थ न सांगताच गेला.

पंत एकटेच राहिले. लुक. आऊट. दोन्ही शब्द त्यांच्या ओळखीचे. लुक म्हणजे बघ, आऊट म्हणजे बाहेर. बाहेर बघणं. बाहेर बघायची जागा. आणि साहेबाची तक्रार काय होती? की कुणी तरी आत बघतं. पंत उठून उभे राहिले. अख्ख्या वादाचं उत्तर एका शब्दात बसलं होतं. आत नव्हे, साहेब, बाहेर. आणि वर मराठीची साखर अशी, की बाहेर आणि माहेर ह्यांच्यात फक्त एका अक्षराचं अंतर. पुण्यात ध चा मा झालेला लोक अजून कुजबुजत सांगतात, इथं तर ब चा म करायचा होता, आणि तोही कुणाला मारायला नव्हे, तारायला.

त्या आनंदात ते दप्तरात आले आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात इंग्रजी उत्तर लिहिलं. त्याचा मतलब असा, की सदर जागा वाच-टावर मुळीच नाही. ती केवळ एक लुक-आऊट आहे. श्रीनिवासरावांनी कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला, एक अक्षर समजलं नाही, म्हणून समाधानानं शिक्का मारला. पंत घरी गेले. आनंदीबाईंनी विचारायच्या आत म्हणाले, "आजचा शब्द सापडला." आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

बंगल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पंतांनी ते दोनदा वाचलं. छोट्या साहेबानं आभार मानले होते. दरबारानं इतक्या सरळपणानं कबुली दिली, याचं त्याला मोठं समाधान वाटत होतं. सदर लुक-आऊट आता कृपा करून आजच उतरवावा, म्हणजे दोन्ही सरकारांमधला स्नेह असाच वाढत राहील.

"काय म्हणतायत?" श्रीनिवासरावांनी विचारलं. पंतांनी सांगितलं. रावांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले.

"म्हणजे आरोप त्यांचा, आणि पुरावा आपला. वा. लोक पैसे खाऊन फितूर होतात, आपण फुकट झालात." मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि भांबुर्ड्याला दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन पाठवायला सांगितलं.

"मला दुपारपर्यंत मुदत द्या," पंत म्हणाले.

"दुपारपर्यंत काय करणार आपण? आणखी एखादा शब्द?"

पण राव मनानं वाईट नव्हते. त्यांनी मुदत दिली.

पंत जवळजवळ धावतच संगमावर गेले. आधी कारकुनाला गाठलं. तो ऐकून आधी खो खो हसला, मग पंतांचा चेहरा बघून गप्प झाला. लुक-आऊट म्हणजे, त्यानं समजावलं, शत्रूची चाहूल घ्यायला टेकडीवर नाही तर जहाजाच्या डोलकाठीवर बसवलेला माणूस. आणि तो बसतो ती जागा. वाच-टावरपेक्षा लहान, पण काम तेच.

"मग त्यात ‘आऊट’ कशाला घातलंत?" पंतांनी जीव तोडून विचारलं. जन्मभर बोललेल्या शब्दाच्या आत माणूस कधी डोकावत नाही.

तो पंतांना छोट्या साहेबासमोर घेऊन गेला. छोटा साहेब उन्हात खुर्ची टाकून बसला होता. पंतांनी त्याला सगळा घोळ सांगितला. चूक माझी आहे, म्हणाले. मला एवढंच म्हणायचं होतं, की ती बाई तुमच्या आत बघत नाही. बाहेर बघते.

साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "ठीक आहे. मी स्वतः तिला विचारतो. बाहेर बघते म्हणाली तर माळा राहू दे. आत बघते म्हणाली तर तो आजच खाली येईल. तू फक्त दुभाष्याचं काम कर."

आणि तो लगेच उठला. पंतांना पुढं जाऊन मैनाबाईच्या कानात चार शब्द सांगायलाही सवड मिळाली नाही. साहेब लांब ढांगा टाकत पुढं, पंत धोतर सावरत मागं, आणि एक गोरा पहारेकरी बंदूक घेऊन त्यांच्या मागं.

साहेब माळ्यावर चढला. पंत निम्म्या शिडीवर थांबले, कारण वर तिघांना जागा नव्हती. साहेबानं चौफेर बघितलं. त्याला आपला तबेला दिसला, आपली वाळत घातलेली अंगरखी दिसली, मघाची आपली रिकामी खुर्चीसुद्धा दिसली. मैनाबाई पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात बसली होती.

"इथून माझ्या ताटात काय वाढलंय तेही दिसेल," तो पंतांना म्हणाला. "विचार तिला. बाहेर बघते, की आत?"

पंतांनी विचारलं. शब्दाला शब्द ठेवून विचारलं, कारण दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. आणि मनात म्हणाले, मैनाबाई, बाहेर म्हणा. एकदाच बाहेर म्हणा.

म्हातारीनं विचार केला. खरंच केला, डोळे बारीक करून. प्रश्न तिला आवडला होता, आजवर कुणी असं विचारलं नव्हतं.

"बाहेर काय हाय बघायला?" ती म्हणाली. "मी आतच बघते की, पंत. पानी बाहेरनं जातं, पर मला दिसतं ते आतलंच. आमचं दार दिसतं. चूल दिसती. आय दिसती. म्हायेर काय बाहेर असतं व्हय?"

आजवर पंतांनी ऐकलेलं सगळ्यांत खरं वाक्य होतं ते. त्यांनी काढलेला शब्द इंग्रजीत चुकला होता तो चुकलाच, पण मराठीतसुद्धा चुकला होता, हे त्यांना आत्ता कळलं. आणि ते खरं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तर कुऱ्हाडी पडणार होत्या.

"मी ‘बाहर’ ऐकलं," साहेब म्हणाला. त्याला हिंदुस्तानीतले चार शब्द येत होते. "पण ती बरंच बोलली. सगळं सांग."

पंतांनी तोंड उघडलं. माहेराला इंग्रजीत काय म्हणतात? आईचं घर म्हणावं, तर घर राहिलं नाही आणि आईही नाही. मेलेल्या माणसांचं घर ती रोज तुमच्या कुंपणापाशी बघते, असं सांगावं? साहेब वाट बघत होता. खाली भोरड्या कणसं टिपत होत्या, त्यांचा तो बारीक किलबिलाट. पंतांनी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटा तर्जुमा केला.

"ती म्हणते, साहेब, बाहेर पाखरं आहेत. पीक खातात. ती पाखरं हाकलायला बसते. बाकी तिला काही कळत नाही."

साहेबानं खाली वाकून बघितलं आणि तो हसला. मोकळं, पोरासारखं हसला. "पाखरं? एवढंच? मग हे आधीच का नाही लिहिलं?" मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण ती तर मजेत खातायत. ही हाकलताना कधी दिसत नाही."

"म्हातारी आहे. थकते."

"मग आजपासून हाकलू दे. पहारेकरी बघेल. ओरडली तर माळा राहील. गप्प बसून बघत राहिली, तर मी समजेन की पाखरांची नुसती सबब आहे." एवढं बोलून तो पंतांपाठोपाठ शिडी उतरला, त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि पिकातून निघून गेला. पहारेकरी मात्र कुंपणाशी जाऊन माळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"काय सांगितलंत त्यास्नी?" मैनाबाईनं वरून विचारलं.

"पाखरं राखता म्हणून सांगितलं."

"मी बोललेलं?"

"ते नाही सांगितलं. त्यांच्यात माहेराला शब्द नाही."

मैनाबाईला हे पटलं नाही. "मंग त्यांच्या बाया लगीन करून जात्यात त्या रडत्यात कुटल्या नावानं?" पंतांनी मान खाली घालून बाकीचं सांगितलं. आजपासून ओरडायचं. रोज. पाखरं उठली पाहिजेत. नुसतं बसलेलं चालणार नाही.

म्हातारीनं कणसांवरच्या थव्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ही पाखरं वरनं येत्यात, पंत. मुठेच्या अंगानं. सकाळी तिकडनं येत्यात आन् सांजच्याला तिकडंच जात्यात. पाव्हनी हायेत. म्हनून मी कवा हाकलली न्हाईत. म्हायेरचं पाखरू दारात आलं आन् त्याला उपाशी घालवायचं, हे कसं करू?"

पंतांना वाटलं, धरणी दुभंगावी. आपण माळा वाचवला की बाईचं होतं नव्हतं ते घालवलं, हेच त्यांना कळेना. "मैनाबाई, मला माफ करा," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचलं नाही."

कुंपणाजवळच्या पहारेकऱ्यानं बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तो बघतच होता.

मैनाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कडब्याखालच्या मेढीला धरून ती सरळ उभी राहिली आणि तिनं मुठेकडे तोंड केलं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही, नुसता श्वास आला. भोरड्यांनी दखलसुद्धा घेतली नाही. मग तिनं पदर कमरेला खोचला, दोन्ही हात वर केले, आणि एवढ्या म्हाताऱ्या छातीत कुठून आला कोण जाणे, असा तिचा आवाज शिवारभर गेला.

"जावाऽऽ! जावा रंऽऽ! वर जावाऽऽ! माझ्या आयेला सांगाऽऽ! मैना बरी हाय म्हनून सांगाऽऽ!"

सगळा थवा एकदम उठला. आभाळात एकदा वळला आणि मुठेच्या वरच्या अंगाला, खडकवासल्याकडं निघाला. पहारेकऱ्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. म्हातारी काम चोख करते हे बघून त्यानं पाठ फिरवली. पण मैनाबाई थांबली नाही. पाखरं दिसेनाशी झाली तरी ती ओरडतच होती, निरोपामागून निरोप देत होती, आणि पंत खाली शिडी धरून उभे होते.